पापणीवरचा मोरपंखी कण

१

सोमवारी सकाळी सुप्रिया पहिल्या शिफ्टला निघाली, तेव्हा निघोज्याच्या चौकात तिच्या बहिणीच्या पार्लरसमोर माणसं उभी होती. कंपन्यांच्या बस एकामागून एक येऊन थांबत होत्या, पण बसमध्ये चढायचं सोडून बायका शटरकडे बघत होत्या. शटरला दोन कुलपं होती. एक बहिणीचं, करिष्माचं, रोजचं. दुसरं पितळी, मुठीएवढं, कालपर्यंत नसलेलं.

ते कुलूप दादासाहेबांचं होतं. गाळाही त्यांचाच. आणि शनिवारी जिचं लग्न झालं ती इंद्रायणीही त्यांचीच मुलगी.

नवरीचा मेकअप करिष्माने केला होता. रविवारी दुपारी इंद्रायणीचा उजवा डोळा सुजला आणि संध्याकाळपर्यंत उघडेनासा झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं तर बुबुळावर जखम. आणखी कुणाचे डोळे आलेत का, असं त्यांनी विचारलं. आले होते. दोन चुलत बहिणींचे आणि चुलती मंजुळाबाईंचे. मग एकच काहीतरी या चौघींच्या डोळ्यांना लागलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. गावाला तेवढं पुरे होतं. पार्लरवालीने सगळ्यांना एकच ब्रश फिरवला, ही बातमी चाकणच्या बाजारापर्यंत पोचायला एक रात्रही लागली नाही.

सुप्रिया बस सोडून थेट दादासाहेबांच्या दारात गेली. ते ओट्यावर बसून होते, रात्रभर झोपले नसावेत.

"दादासाहेब, माझी बहीण असं करणारी नाही. मला दोन दिवस द्या."

"तुजी बहीण काल हितंच हुभी ऱ्हाऊन म्हनली, चूक माजी हाय. तिनं कबूल केलंय, आन् तू काय शोधनार?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पोरगी कंपनीत डोळ्यानं माल तपासायचं काम करती. पुढल्या महिन्यात पर्मनंट व्हायची हाय. डोळाच गेला तर? रविवारपातुर गाळा खाली करा. आमी दुसरं काय बोलत न्हाई."

सुप्रिया परत फिरली, पण तिच्या डोक्यात ते वाक्य अडकून बसलं. चूक माझी आहे. हे काय उत्तर झालं?

चाकणच्या एका कारखान्यात ती बारा वर्षं ब्रेकचे सुटे भाग तपासत होती. खराब नगाला लाल टॅग लावायचा, बाजूला काढायचा आणि मग पाच वेळा 'का' विचारत मुळापर्यंत जायचं, हा तिचा रोजचा धंदा. तिथे 'ऑपरेटरची चूक' असं कुणी कागदावर लिहिलं तर साहेब तो कागद परत करत. कुठली चूक, कधी झाली, आणि ती होऊ शकली कशी, हे लिहिल्याशिवाय सुटका नसे. आणि करिष्मा तर घाणेरडं काम करणाऱ्यांतली मुळीच नव्हती. मस्करा लावायच्या कांड्या ती प्रत्येकीला नव्या घ्यायची आणि वापरून फेकून द्यायची. लिपस्टिक कधी थेट ओठाला लावायची नाही, पट्टीवर खरवडून घ्यायची. ब्रश शाम्पूने धुऊन, स्पिरिटमध्ये बुडवून, वाळवून ठेवायची. शुक्रवारी हळदीला सुप्रिया स्वतः तिच्या मदतीला होती. शिफ्ट सुटल्यावर ती तशीच गेली, दिवा धरला, पिना पुरवल्या, शेवटी पसारा आवरून पेटी भरली. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरी करिष्मा मेथी निवडत बसली होती. निवडलेली आणि न निवडलेली जुडी एकाच ताटात पडत होती, इतकं तिचं लक्ष होतं.

"तू कबूल का केलंस?"

"मग काय करायचं होतं?"

"काय चुकलं ते तरी सांग मला."

करिष्माने मान वर केली नाही. "राहू दे ताई. शोधू नकोस. मी दुसरीकडं कुठंतरी गाळा बघते."

पाच वर्षं उपाशी-तापाशी राहून उभं केलेलं पार्लर ही पोरगी असं हातातली मेथी टाकावी तसं टाकत होती. बहीण घाबरली होती हे तर उघड होतं. पण ती कशाला घाबरली होती, हे काही कळेना.

२

मंगळवारी ती मंजुळाबाईंकडे गेली. मंजुळाबाई म्हणजे दादासाहेबांच्या धाकट्या भावाची बायको. सुप्रियाने रात्री एका वहीत संशयाच्या गोष्टींची यादी केली होती, आणि तिच्या पहिल्याच ओळीवर लिहिलेलं होतं: काजळ.

मंजुळाबाई घरी काजळ पाडत. एरंडेलाचा दिवा, त्यावर तांब्याची ताटली, आणि वर्षानुवर्षं तीच चांदीची डबी. गावात कुणाचं लग्न असो की बारसं, या बाई डबीत बोट घालून सगळ्यांना तीट लावत सुटत. एकच डबी, एकच बोट. सुप्रियाला वाटलं, चला, सुटलं कोडं.

"माज्या काजळाला नावं ठेवायला आलीस व्हय?" मंजुळाबाईंचा डावा डोळा टोमॅटोसारखा लाल होता आणि त्यातून पाणी गळत होतं, पण तोंडाला काही झालेलं नव्हतं. "चाळीस वर्सं झाली लावतीया. एकाचा डोळा गेला असंल तर दाव."

"शनिवारी कुणाकुणाला लावलंत?"

"कुनाला न्हाई ते इचार. मांडवात पोरं होती पंधरा-वीस, तान्ही सुद्धा. समद्यांना गालावर न्हाईतर कानामागं. डोळ्यात मी कदी घालत न्हाई."

सुप्रियाने त्याच गल्लीतली चार घरं पालथी घातली. पंधरा-वीस पोरांपैकी एकाचाही डोळा आलेला नव्हता. तान्ह्या पोरांना तर दिवसभर गाल चोळायची सवय, काजळात काही असतं तर पहिली तीच आजारी पडली असती. काजळाची ओळ तिने खोडली.

पण त्यामुळे भलतीच पंचाईत झाली. नवरी आणि दोघी चुलत बहिणी यांनी शनिवारी सकाळी करिष्माकडून डोळ्यांचा मेकअप करून घेतला होता. त्यांच्यापुरतं ब्रशचं ठीक होतं. मंजुळाबाईंनी मात्र मेकअपला हात लावू दिला नव्हता. तसं त्या सगळ्या गावाला सांगत होत्या, आपण कशा साध्या, आपल्याला कसं असलं काही लागत नाही. मग यांच्या डोळ्याला काय लागलं? ब्रश नसेल तर पाणी असेल, टॉवेल असेल, मग करिष्मा सुटली. सुप्रियाला आशा वाटली, आणि ती पुन्हा मंजुळाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली.

"काकू, एक विचारते, रागावू नका. शनिवारी तुमच्या डोळ्याला काय काय लागलं?"

"कायबी न्हाई."

"टॉवेल? कुणाचा रुमाल?"

"न्हाई म्हनलं ना."

"मग करिष्मा दोषी नाही. तुम्ही तिच्याकडून काही लावून घेतलं नाही, तरी तुमचा डोळा आला. असं मी दादासाहेबांना सांगते."

आतल्या खोलीत नवरा आहे का, ते मंजुळाबाईंनी वळून पाहिलं. मग पदराने डोळा टिपला, आणि त्या निमित्ताने तोंडही झाकून घेतलं.

"त्येंना सांगू नगं," त्या हळूच म्हणाल्या. "समदी बाहीर गेल्याव मी तिला म्हनलं, बारीक एक रेघ वड माज्याबी डोळ्याला. फोटोत बरं दिसतंय म्हनत्यात."

आता चौघीही ब्रशखाली आल्या होत्या. सुप्रियाने बहिणीला सोडवायला म्हणून दोर ओढला आणि गाठ आणखीच घट्ट झाली.

३

पार्लरमध्ये करिष्माच्या हाताखाली अंजली काम करायची. ब्रश धुणं हे तिचं काम, म्हणजे नंतरचं 'का' तिच्याकडेच जात होतं. बुधवारी सुप्रिया तिच्या खोलीवर गेली, तेव्हा अंजली कपडे वाळत घालत होती, आणि सुप्रियाला पाहताच ती धुतल्या चादरीमागून बाहेर यायला तयार होईना.

"तुम्ही पण मलाच धरणार ना, सुप्रियाताई? धरा. गरिबाला धरलं की काम भागतं."

"मी कुणाला धरायला आले नाही. ब्रश कधी धुतलेस ते सांग."

"शुक्रवारी दुपारी. सगळेच्या सगळे, सव्वीस. शाम्पूत धुतले, स्पिरिटमध्ये बुडवले, उन्हात वाळवले. ओला ब्रश बंद करायचा नाही, त्यात जंतू धरतात, हे दीदींनी मला पहिल्या दिवशी शिकवलंय. संध्याकाळी बटव्यात भरून पेटी दिली आणि मी घरी आले. हळदीला मी नव्हतेच."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी उजाडायच्या आत दीदींनी मेकअप सुरू केला होता. नऊचा मुहूर्त होता ना. मी पोचले तेव्हा नवरी तयार होती. मी फक्त साड्या नेसवल्या." अंजली थांबली, काहीतरी आठवून म्हणाली, "वापरलेल्या वस्तू आवरायला मी पेटी उघडली होती. हिरवा बटवा रिकामा होता. मला वाटलं, बरं झालं, दीदींनीच उरकलं."

करिष्माच्या पेटीत दोन मखमली बटवे असत, एक लाल, एक हिरवा. साडीच्या दुकानातून भेट आलेले. सुप्रियाने वहीत लिहिलं: शनिवारी सकाळी हिरवा बटवा रिकामा. सहा जणींचा मेकअप होता, धुतलेले ब्रश सगळेच बाहेर काढले असणार, त्यात वावगं काय. तिने पुढचा प्रश्न विचारला.

"मग तुझ्या मते काय झालं?"

"मला काय माहीत. मी रविवारपासून दीदींना फोन करतेय, त्या उचलतच नाहीत." अंजलीचे डोळे भरून आले. "माझ्यावर राग असता तर ओरडल्या असत्या. त्या ओरडत पण नाहीत. त्या काहीतरी लपवतायत, ताई."

परतीच्या वाटेवर सुप्रियाचं मन थाऱ्यावर नव्हतं. सव्वीस ब्रश धुतलेले. नुसत्या डोळ्यांसाठी करिष्माकडे दहा-बारा ब्रश, एकीचा दुसरीला लावायची गरज नाही. आणि मुळात त्या दिवशी सकाळी या सहा जणींत कुणाचाच डोळा आलेला नव्हता. नसलेला आजार ब्रशला चिकटणार कुठून? तो आधीच कुठून तरी आला होता. शुक्रवारी.

शुक्रवारी हळदीच्या वेळी करिष्माने एकीचाच मेकअप केला होता. नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन वाकडहून करवली आली होती, नवऱ्याची बहीण संस्कृती. तिला फोटो काढायचे होते. सुप्रियाला आठवलं, मेकअपला बसेपर्यंत संस्कृतीने गॉगल काढला नव्हता. तेव्हा सगळ्या बायका हसल्या होत्या, शहरची फॅशन म्हणून.

४

गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर सुप्रियाने वाकड गाठलं. संस्कृती एका आयटी कंपनीत होती आणि या आठवड्यात घरूनच काम करत होती. तिने घरी न बोलावता सोसायटीच्या खालच्या बागेत भेटायचं ठरवलं, यातच निम्मं उत्तर आलं.

"माझे डोळे आता बरे आहेत," बाकावर टेकायच्या आधीच ती म्हणाली.

"म्हणजे आले होते."

संस्कृतीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "हळदीच्या आदल्या दिवसापासून चुरचुरत होतं. ऑफिसमध्ये बऱ्याच जणांना झालं होतं. मला वाटलं ॲलर्जी असेल. करवलीच नसेल तर हळद कोण नेणार? आई म्हणाली, गॉगल घालून जा, सकाळपर्यंत जाईल."

"करिष्माला सांगितलंत?"

"नाही." ती रडवेली झाली. "ती विचारत होती, डोळे लाल का दिसतात. मी म्हटलं, झोप झाली नाही. सुप्रियाताई, हे कृपा करून दादासाहेबांना सांगू नका. वहिनीला आमच्या घरी येऊन अजून आठवडासुद्धा झालेला नाही. नणंदेने डोळा घालवला, असं झालं तर ती आमच्याकडे नांदायची कशी?"

हे खोटं नव्हतं. सुप्रियालाही ते पटलं, आणि पटलं म्हणूनच वैताग आला. एक बाई खोटं बोलते, ते झाकायला दुसरी गप्प बसते, आणि शटर मात्र तिसरीचं बंद होतं.

पण एवढ्यानेही हिशेब जुळत नव्हता. संस्कृतीला वापरलेले ब्रश शुक्रवारीच वेगळे ठेवलेले असणार. ते शनिवारी इंद्रायणीच्या डोळ्याला लागले, हे कशावरून?

"शनिवारचे फोटो आहेत तुमच्याकडे? इंद्रायणीचा अगदी जवळून काढलेला?"

संस्कृतीने फोन पुढे केला. नवरी अंतरपाटाआड डोळे मिटून उभी होती. पापण्यांवर सोनेरी रंग, शालूच्या काठाला जुळणारा. सुप्रियाने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. वाकडा खिळा, बारीक तडा, केसाएवढा ओरखडा, असलं शोधून शोधून तिच्या नजरेला वळण लागलेलं होतं. उजव्या पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, सोनेरी रंगात दोन चमकते कण होते. निळे-हिरवे.

"तुम्ही शुक्रवारी डोळ्यांना कुठला रंग लावला होता?"

"मोरपंखी. माझ्या घागऱ्याला मॅचिंग."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी मी मेकअपच केला नाही. डोळे दुखत होते."

मोरपंखी रंग शुक्रवारी एकाच बाईला लागला होता, आणि शनिवारी कुणालाच नाही. तरीही तो नवरीच्या पापणीवर होता. संस्कृतीच्या डोळ्यावरून फिरलेला ब्रश न धुता इंद्रायणीच्या डोळ्यावर फिरला होता, याला आता फोटोच साक्षी होता.

आणि तो ब्रश करिष्माच्या हातात होता.

५

वाकडच्या पुलाखाली रिक्षा अडकली. पुढे गाड्या, मागे गाड्या, दोन्ही बाजूंनी दुचाक्या फटीफटीतून घुसत होत्या. सुप्रियाला बसवेना. बहीण जाणूनबुजून घाणेरडा ब्रश वापरेल, हे तिला मान्य होईना. आणि नकळत वापरला म्हणावं, तर धुतलेले आणि वापरलेले एकत्र आलेच कसे? तिने अंजलीला फोन लावला.

"अंजली, वापरलेले ब्रश तुम्ही कुठे ठेवता?"

"हिरव्या बटव्यात."

"हिरव्या?"

"हो. लाल बटवा नवरीचा. म्हणजे धुतलेले, चांगले ब्रश लालमध्ये. नवरीला लाल शुभ, म्हणून दीदींनी पहिल्यापासून तसंच ठेवलंय. वापरून झाले की हिरव्यात टाकायचे, मी धुते आणि परत लालमध्ये भरते. का हो ताई?"

सुप्रियाने फोन ठेवला. रिक्षावाला काहीतरी बोलत होता, ते तिला ऐकू आलं नाही.

शनिवारी सकाळी हिरवा बटवा रिकामा होता. शुक्रवारी संस्कृतीचा मेकअप झाला होता, म्हणजे त्यात निदान तिच्या डोळ्यांना लागलेले चार-पाच ब्रश असायलाच हवे होते. ते नव्हते, कारण ते कुणी हिरव्यात टाकलेच नव्हते. ते लालमध्ये गेले होते, धुतलेल्या ब्रशांत मिसळून. उजाडायच्या आत, पिवळ्या दिव्याखाली, घाईत करिष्माने लाल बटव्यात हात घातला होता. काळ्या केसांचा ब्रश, त्यातला गडद रंग तिला दिसलाही नसेल.

शुक्रवारी अंजली नव्हती. करिष्मा संस्कृतीची ओढणी लावायला आत गेली होती. पसारा आवरून पेटी एकाच बाईने भरली होती.

ती शिफ्टवरून थेट आलेली होती. बारा वर्षं तिने एकच गोष्ट केली होती. चांगला माल हिरव्या पेटीत, खराब माल लाल पेटीत. चाकणला कुठल्याही कारखान्यात जा, हेच. झोपेतून उठवून विचारलं तरी हात तिकडेच जातो. वापरलेला ब्रश, म्हणजे खराब, म्हणजे लाल. तिने कुणाला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही. आणि काल अंजलीने हिरवा बटवा रिकामा होता म्हणून सांगितलं, तेव्हाही तिने तो आपल्याच कंपनीच्या हिशेबाने वाचला होता.

चार दिवस ती जिच्या मागावर होती ती बाई ती स्वतःच होती.

दुसऱ्या दिवशी कामावर तिने तीन चांगले नग खराब म्हणून काढले. चौथ्याला सहकारिणीने तिचा हात धरला आणि विचारलं, बरं नाही का. सुप्रिया हो म्हणाली. तिच्या डोक्यात एकच घोळ चालला होता, आणि तो सांगायला लाज वाटावी असा होता. बटव्यांचं कुणाला माहीत आहे? अंजलीला अर्धवट. संस्कृती तोंड उघडणार नाही. करिष्माने दोष घेतलेलाच आहे. अंजलीच्या अंगावर ढकललं तर दादासाहेब कदाचित ऐकतीलही, बाहेरची पोरगी आहे, जाईल निघून दुसऱ्या पार्लरमध्ये. काहीच न बोलता राहिलं तर रविवारी गाळा जाईल आणि बहिणीचं नाव जाईल, पण आपलं राहील. बारा वर्षांत एकही चुकीचा नग तिच्या हातून पुढे गेला नव्हता, हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. आणि गेला तो असा, एका पोरीच्या डोळ्यात.

तिला स्वतःची किळस आली.

६

शनिवारी सकाळी ती करिष्माला जवळजवळ ओढतच घेऊन निघाली. "काय करायलीस ताई? नको जाऊ," करिष्मा वाटभर म्हणत होती. बाप कामासाठी अंबाजोगाईहून इकडे आला, त्याला पंचवीस वर्षं झाली, तरी जीव कासावीस झाला की तिच्या तोंडी तिकडची बोली यायची.

इंद्रायणी पाचपरतावणाला माहेरी आली होती. ती ओट्यावर खुर्चीत बसली होती, उजव्या डोळ्यावर पट्टी. दादासाहेब शेजारी. मंजुळाबाई दाराच्या आडून बघत होत्या.

सुप्रियाने उभ्याउभ्याच सांगितलं. बटवे सांगितले, रंग सांगितले, फोटोतले कण सांगितले. शुक्रवारी एका पाहुणीचे डोळे आलेले होते, एवढंच ती म्हणाली, नाव घेतलं नाही. इंद्रायणीने एकदा मान हलवली. ती समजली होती, आणि तिनेही नाव विचारलं नाही.

"घाणेरडे ब्रश लालमध्ये मी टाकले," सुप्रिया म्हणाली. "करिष्माने नाही, अंजलीने नाही. मी. तुम्ही गाळा काढून घेतलात तर माझ्या चुकीसाठी तिला शिक्षा होईल."

दादासाहेबांनी करिष्माकडे पाहिलं. "आन् ही म्हनली माजी चूक."

"माझी पण आहेच," करिष्मा म्हणाली. "कुठला बटवा कशाचा ते माझ्या डोक्यात होतं, बटव्यावर लिहिलेलं नव्हतं. ब्रश डोळ्याला लावायच्या आधी मी उजेडात धरून बघितला नाही. आणि जिचे डोळे लाल होते, तिचं झोपेचं कारण मी ऐकून घेतलं. तिला हात लावायलाच नको होता."

"पोरीचा डोळा घालवून आता दोगी चुका वाटून घ्या," दादासाहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला.

"आप्पा," इंद्रायणी म्हणाली. "मी पण लालमध्येच टाकले असते. आमच्या लाइनवरच्या कुणीही तेच केलं असतं."

"म्हंजी सोडून द्यायचं?"

"सोडा म्हणत नाही मी. रागवायचं की नाही ते मी ठरवते. डोळा माझा हाय." तिने पट्टीला हात लावला आणि काढून घेतला. "डॉक्टर म्हणालेत जखम भरतीय. डाग राहतो की नाही ते महिन्याने कळंल. तोवर मला झोप लागणार नाही, सुप्रियाताई, आणि तुम्हालापण लागू नये असं मला वाटतं."

"नाही लागणार," सुप्रिया म्हणाली.

"मग असं करा. आधी त्या तिघींना जाऊन हेच सांगा, आत्ता मला सांगितलं तसं, नवऱ्यांसमोर, सासवांसमोर. त्यानंतर आप्पा किल्ली देतील." दाराआड मंजुळाबाईंची चाहूल लागून ती म्हणाली, "काकूंच्या घरी मात्र फक्त काकूंना."

दादासाहेब उठून आत गेले नाहीत, यावरून सुप्रियाला कळलं की किल्ली मिळेल.

दोघी बाहेर रस्त्यावर आल्या. एक कंटेनर धूळ उडवत गेला, तो जाईपर्यंत थांबावं लागलं.

"तुला कधी कळलं?" सुप्रियाने विचारलं.

"रविवारी. डोळ्याचं ऐकलं आणि पेटी उघडली. शुक्रवारच्या मोरपंखी ब्रशावर शनिवारचा सोनेरी रंग चढलेला होता, तेव्हाच कळलं की तो लालमध्ये गेला होता, आणि शुक्रवारी पेटी कुणी भरली ते." करिष्मा रस्त्याच्या पलीकडे बघत होती. "अंजलीचा फोन घेतला असता तर तिने विचारलं असतं. मला खोटं बोलता येत नाही."

"मला का नाही सांगितलंस? मी आठवडाभर गाव पालथं घालत होते. लोकांना चोरासारखे प्रश्न विचारत होते. मंजुळाबाईंना, त्या पोरीला. माझ्यासाठी तू पार्लर सोडणार होतीस? वेडी आहेस का तू?"

"पार्लर दुसरं निघालं असतं."

"मग शोधू नकोस का म्हणालीस?"

करिष्मा थांबली. तिच्या डोळ्यांत आठवडाभर दाबून ठेवलेलं पाणी आलं, आणि तिने ते पुसायला हात वर नेला, पण डोळ्याला न लावताच खाली घेतला.

"कारण तू शोधणार हे मला माहीत होतं, ताई. तुला सापडणार हेही माहीत होतं. मला भीती एकाच गोष्टीची वाटत होती. सापडल्यावर तू गप्प बसलीस तर मी काय करू? मग तुझ्याशी एका घरात कशी राहू? काल तू कामावरून आलीस, जेवली नाहीस, माझ्याकडं बघितलं नाहीस. मी रात्रभर देवाला म्हणत होते, हिला बोलू दे."

कालचा तो घोळ, अंजलीवर ढकलायचा तो विचार सुप्रियाच्या ओठांपर्यंत आला. तो करिष्माला सांगायचा की नाही, हे तिला ठरवता येईना. मग तिने तोही सांगितला, सगळा, अंजलीच्या नावासकट.

करिष्माने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिच्याकडं पण जायचं मग. चौथं घर."

"जायचं," सुप्रिया म्हणाली, आणि पहिल्या घराची कडी तिने स्वतः वाजवली.